एकशे अठरा अंश

ती पेटी एकशे अठरा अंशांपर्यंत तापणार नव्हती. चौऱ्याहत्तरपर्यंतच तापणार होती, आणि भावोजी तसं पहिल्या दिवसापासून सांगत होते. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घेण्याच्या फंदात पडणार नाही.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मला या कंपनीत त्यांनीच चिकटवलं, एकवीस वर्षांपूर्वी. रुजू झाले त्या दिवशी मी भर कचेरीत "भावोजी, माझी खुर्ची कुठली?" असं विचारलं आणि तेव्हापासून ते सगळ्यांचेच भावोजी झाले. शिपाई त्यांना भावोजी म्हणायचा, मोठे साहेबही म्हणायचे. एकदा तर बाहेरून आलेल्या तपासनिसाने नावाच्या रकान्यात तेच लिहून नेलं. ताई म्हणायची, "माझ्या नवऱ्याशी मी सोडून सगळ्या जगाने नातं जोडलंय."

आमची कंपनी नियंत्रणपेट्या बनवते. पंपाची, लिफ्टची, रस्त्यावरच्या दिव्यांची वीज सांभाळणारे भाग पत्र्याच्या बंद पेटीत बसवायचे आणि ती पेटी भिंतीवर टांगायची. चालू झाली की आतले भाग तापतात. पंच्याऐंशी अंशांपलीकडे गेले की बिघडतात, आणि एखादा बिघडता बिघडता पेटही घेतो. म्हणून आतली उष्णता बाहेर कशी काढायची हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवायचं काम अठ्ठावीस वर्षं भावोजींचं. त्यांच्याकडे हिरव्या कापडी बांधणीच्या सात वह्या होत्या. नमुना विभागात प्रत्येक नवी पेटी टेबलावर ठेवायची, तिला तापमापकाच्या तारा चिकटवायच्या आणि दर पंधरा मिनिटांनी आकडे टिपायचे, असं करत करत त्यांनी त्या वह्यांमध्ये स्वतःची कोष्टकं तयार केली होती. नव्या पेटीचा आराखडा आला की वही उघडायची, पेन्सिल घ्यायची आणि अर्ध्या तासात आकडा हजर. तो आकडा दोन अंशांपेक्षा जास्त चुकलेला मी कधी पाहिला नाही.

मग सॉफ्टवेअर आलं.

पेटीचा आराखडा त्यात घालायचा, कुठला भाग किती तापतो ते सांगायचं, पेटीच्या कुठल्या बाजूला हवा लागते ते सांगायचं, की ते गणित करतं आणि पेटी रंगवून दाखवतं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "यापुढे नमुने नाहीत. जे काय ठरेल ते स्क्रीनवर." शिकायला सहा आठवडे दिले. ज्यांना जमेल ते आराखडा विभागात राहतील, ज्यांना जमणार नाही त्यांनी माल रवाना करायच्या खिडकीवर बसायचं. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते. त्या खिडकीत गाड्यांचे नंबर लिहून घेणारी मी मला ढळढळीत दिसायला लागले.

शिकवायला एक बाई आल्या. स्वभावाने गोड, पण त्यांचा हात असा चालायचा की आपण वहीत एक ओळ लिहीपर्यंत त्या चार खिडक्या उघडून बंद करून मोकळ्या. डावीकडे एक यादी, तिच्या प्रत्येक ओळीमागे अधिकचं चिन्ह. ते दाबलं की आतून आणखी ओळी बाहेर पडायच्या, त्यांच्या आत आणखी. वर तीन रांगा बारीक बारीक चित्रांच्या, कशाचा अर्थ काय ते चित्र काढणाऱ्यालाच ठाऊक. उजवीकडची चौकट तर पक्की दगलबाज. डावीकडे काय निवडलंय त्याप्रमाणे ती चेहरा बदलायची. आत्ता जिथे मी तापमान लिहिलं तिथेच पुढच्या क्षणी जाडी विचारायची. पहिल्या आठवड्यात मी एका पत्र्याची जाडी चाळीस मीटर करून ठेवली होती. सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते पेटी फिरवण्याने. माउसचं चाक दाबून धरलं की पेटी फिरते, इतकं ते सोपं. मी चाक दाबलं की ती गरकन वळायची, पोट वर करायची आणि स्क्रीनबाहेर निघून जायची. मग नुसता पांढरा पडदा. "मॅडम, होम दाबा," बाई म्हणायच्या. होम दाबलं की पेटी शहाण्यासारखी समोर येऊन उभी. दिवसाला शंभर वेळा मी होम दाबत होते. दुसऱ्या आठवड्यात एकदा मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजात पोटभर रडले. त्यानंतर ठरवून टाकलं की फिरवायचंच नाही. थोडीशी कलती करायची, दिसेल तेवढं पाहायचं, आणि पटकन होम.

भावोजी दोन दिवस वर्गात बसले. तिसऱ्या दिवशी उठून बाईंना म्हणाले, "तुमच्या शिकवण्यात खोट नाही हो. माझ्या डोक्यात जागा उरलेली नाही." आणि आपल्या टेबलाशी जाऊन पेन्सिलीला टोक काढत बसले. त्यांना कुणी खिडकीवर बसवणार नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. भावोजींना कोण हलवणार?

पण मला त्यांनी सोडलं नाही. कचेरी सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन थेट ताईकडे जायची. भावोजींनी ते जाडजूड माहितीपुस्तक बाईंकडून मागून आणलं होतं. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी, समोर ते, पुस्तकातल्या ओळीखाली पट्टी धरून. "डावीकडची तिसरी ओळ उघड. उघडलीस? आता तिच्या आत बघ, हवेचं काहीतरी असेल." मी सापडत नाही म्हणून चिडायची, ते पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. माउसला त्यांनी एकदाही हात लावला नाही. ताई ताटं घेऊन उभी राहायची. "तुमची पेटी निवली असेल तर टेबल मोकळं करा," म्हणायची. पाचव्या आठवड्यात मला जमायला लागलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला. स्वतःला न येणारी गोष्ट त्या माणसाने मला शिकवली होती.

सहाव्या आठवड्यात मोठ्या साहेबांनी परीक्षा म्हणून माझ्या हातात पेटी दिली ती नेमकी भावोजींची. बिनपंख्याची. चार वर्षं ते तिच्यामागे होते. त्यांचा पंख्यावर दात होता; पंखा धूळ ओढतो, घरघरतो आणि दोन वर्षांत बसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी पेटीची पाठ जाड अ‍ॅल्युमिनियमची केली, तिला बाहेरून उभ्या पट्ट्या काढल्या आणि पेटी भिंतीपासून चार बोटं पुढे टांगली. आतली उष्णता पाठीतून पट्ट्यांमध्ये जाणार, तापलेली हवा आपोआप वर चढणार, खालून गार हवा येणार. वहीप्रमाणे आकडा चौऱ्याहत्तर.

मी भाग भरले, धातू भरले, बाहेरची हवा चाळीस अंश धरली, हवा लागणाऱ्या बाजू निवडल्या. गणित लावलं. एकशे अठरा आले.

सभेच्या खोलीत ते चित्र भिंतीवर लागलं तेव्हा पेटी आतून लालभडक दिसत होती. या सॉफ्टवेअरची रीतच अशी की पेटीतली सगळ्यात गरम जागा ते लाल दाखवतं, मग ती जागा चाळीस अंशांची का असेना. मला हे माहीत होतं. तिथे बसलेल्या दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. लाल रंग बघून खोलीत जी शांतता पसरली ती मला आवडली होती.

भावोजी उठून भिंतीजवळ गेले. बराच वेळ पाहत राहिले. "चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "फार तर एखादा अंश इकडेतिकडे."

"भावोजी, समोर दिसतंय की," मोठे साहेब म्हणाले.

"एक नमुना करू या. दोन दिवसांचं तर काम. टेबलावर ठेवू, तारा लावू."

"नमुने करायला लागू नयेत म्हणून तर हे आणलंय."

मग भावोजी माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. टेबलाशी बसून "तिसरी ओळ उघडलीस का" असं विचारायचे, अगदी तसं विचारलं. "तू सगळं नीट भरलंस ना?"

"तपासून सांगते" असं मला म्हणता आलं असतं. दहा मिनिटं लागली असती. पण जी बाई सहा आठवडे पांढऱ्या पडद्यासमोर बसून रडली, तिच्या तोंडाकडे त्या दिवशी अख्खी खोली बघत होती. मला खिडकीवर जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर एकदा, एकदाच, मला भावोजींपेक्षा जास्त कळतं असं सगळ्यांना दिसावं असंही वाटत होतं.

"हो, भावोजी," मी म्हटलं. "सगळं भरलंय. दोनदा पाहिलंय."

दोनदा पाहिलं नव्हतं. एकदाही नाही.

"मग माझंच कुठेतरी चुकत असेल," ते म्हणाले आणि खाली बसले.

पेटीला पंखा लागला. भावोजींना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं; सन्मानाने, असं साहेबांचं म्हणणं. तिथे त्यांनी चार महिने काढले आणि मग निवृत्तीला दोन वर्षं असताना स्वतःच राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली. ते सात वह्या पिशवीत घालून चालत घरी गेले. त्यांचं टेबल मला मिळालं.

त्यानंतर माझं ताईकडे जाणं कमी झालं. कामाचं निमित्त होतं. ताई फोनवर म्हणायची, "अगं, ये की. तुझ्यावर रागावलेले नाहीत ते. उलट तुझं कौतुकच करतात." तेच मला ऐकवत नव्हतं, पण का ऐकवत नाही याच्या खोलात मी जात नव्हते. पडद्याने दाखवलं, मी वाचून दाखवलं, यात माझा काय दोष, असं स्वतःला पटवून झालं होतं.

होता होता मी शिकवणारी झाले. नवीन येणाऱ्या मुलींना, चार-चार जणींच्या तुकड्या करून, सॉफ्टवेअर शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि उदाहरण म्हणून मी कुठली फाइल उघडायची? तीच. प्रत्येक तुकडीला मी सांगायची, "अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाचा अंदाज इथे चव्वेचाळीस अंशांनी चुकला होता." नव्या मुली मान डोलवायच्या. लाज वाटायला हवी होती, पण लाज वाटायलाही आधी कळावं लागतं.

सभेला अकरा महिने झाले असतील. एव्हाना माझा हात माउसवर बसला होता. बोलता बोलता मी डावीकडच्या यादीत हवेची ओळ निवडली. ती निवडली की ज्या ज्या बाजूंना हवा लागते म्हणून आपण सांगितलंय त्या निळ्या होतात. पुढची बाजू निळी झाली, वरची झाली. मी सहज चाक दाबून पेटी फिरवली. डावी, उजवी, खालची, सगळ्या निळ्या. पेटी पूर्ण वळली आणि पाठ समोर आली. उभ्या पट्ट्यांसकट ती अख्खी पाठ राखाडी होती.

समोर चौघी बसल्या होत्या आणि मला सगळं जसंच्या तसं आठवलं. मी तेव्हा पेटी फिरवलीच नव्हती. एकदा एका अंगाला कलती करून दिसेल तेवढ्यावर चौकोन ओढला, एकदा दुसऱ्या अंगाला कलती करून. पाच बाजू मिळाल्या. चौकोन ओढला की समोर दिसतं तेवढंच निवडलं जातं. मागचंही हवं असेल तर पेटी वळवून पुन्हा निवडावं लागतं. आणि ज्या बाजूबद्दल आपण काहीच सांगत नाही तिथे सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, विचारत नाही. तिथून काहीही बाहेर जात नाही असं गृहीत धरून पुढे चालायला लागतं. भावोजींनी चार वर्षं खपून जो एक रस्ता काढला होता, तोच मी बुजवून टाकला होता.

"मॅडम, पाठीला हवा दिलेली नाही का?" चौघींतली एक म्हणाली. पहिल्याच आठवड्यात तिला दिसलं.

"मुद्दाम सोडलीय," मी म्हटलं. "त्याचं कारण पुढच्या वेळी सांगेन."

जेवणाच्या सुट्टीत सगळे गेल्यावर मी पाठ निवडली, हवा दिली, गणित लावलं. नऊ मिनिटं लागली. त्र्याहत्तर पूर्णांक सहा. म्हणजे भावोजी अर्ध्या अंशाने चुकले होते.

मी तडक मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वाईट माणूस नाही तो. मग म्हणाले, "पंख्याच्या पेट्या लागल्यात, चालतायत. आता हे उकरून कुणाचं भलं होणार? तुमचं तर नाहीच."

"निदान एक नमुना करू या साहेब. टेबलावर ठेवू. भावोजींना बोलावू."

"कुठल्या टेबलावर?" ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. नमुना विभाग मोडून सहा महिने झाले होते. मी ज्या खोलीत शिकवत होते तीच ती खोली. "आणि भावोजी मजेत असतील हो घरी. कशाला त्या माणसाच्या जखमेवरची खपली काढता?"

त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना क्षणभर मला हायसं वाटलं, तेही सांगून टाकते. क्षणभरच. तेवढ्यानेही मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून लॅपटॉप घेऊन मी सकाळीच ताईकडे गेले. दार उघडलं तेव्हा ती मला वाळलेली दिसली.

"घरात नाहीत," ती म्हणाली. "सकाळी पिशवी घेऊन निघतात ते दुपारी दोनला उगवतात. कुठे जाता म्हटलं तर म्हणतात, काम आहे. कसलं काम? मला वाटलं म्हातारपणी कुणी भेटली की काय. भेटली असती तर बरं झालं असतं गं, चारदा हसले तरी असते."

"कधीपासून?"

"तीन-चार महिने झाले. त्याआधी दिवसभर त्या वह्या घेऊन बसायचे. आता त्यांच्याकडे बघत नाहीत. रद्दीत घाल म्हणतात. माझा हात होईना."

वह्या खिडकीपाशी रचून ठेवल्या होत्या. मी पहिली उघडली. पहिल्या पानावरच्या कोष्टकावर लाल पेन्सिलीची तिरकी रेघ होती. दुसऱ्या पानावरही. तिसऱ्या, चौथ्या, सातही वह्यांमधल्या एकूणएक कोष्टकावर. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "खिडकी उघडी असे. वारा धरला नाही." प्रत्येक पानावर तेच, तारीख घालून.

समजायला मला वेळ लागला. आपला आकडा एकशे अठरापेक्षा इतका कमी का आला याचं कारण ते शोधत होते. गणितात सापडेना, तेव्हा त्यांनी मोजण्यातच शोधलं. नमुना विभागाला एक खिडकी होती. ती उघडी असणार, वाऱ्याने पेट्या गार राहिल्या असणार, म्हणजे आपण टिपलेला प्रत्येक आकडा खरा होता त्यापेक्षा कमी होता. ती खिडकी कधी उघडत नव्हती; तिच्यासमोर कपाट होतं, मी एकवीस वर्षं ते पाहत होते. सातव्या वहीच्या शेवटी त्यांनी बिनपंख्याची पेटी नव्याने मांडली होती. एकदा नाही, नऊ वेळा. अठ्ठ्याऐंशी, सत्त्याण्णव, एकशे नऊ, असं चढत चढत नवव्या खेपेला एकशे अठरा. त्याखाली दोन रेघा आणि एक शब्द: "जुळलं."

आपला खरा आकडा माझ्या खोट्या आकड्यापर्यंत नेण्यासाठी त्या माणसाने अठ्ठावीस वर्षं खोडून टाकली होती. मी ताईच्या देखत रडले. ती घाबरून "काय झालं, काय झालं" विचारत राहिली आणि मी पानं उलटत राहिले.

वह्यांच्या शेजारी एका यादीची घरी ठेवलेली प्रत सापडली. इमारती, पंपखोल्या, लिफ्टच्या खोल्या, त्यांचे पत्ते, पेटी लावल्याचं वर्ष. काही ओळींपुढे खूण होती. शेवटच्या खुणेच्या खालचा पत्ता फार लांब नव्हता. मी चालत निघाले.

तीन मजली इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीखाली पंपखोली होती. दार उघडं होतं. पंप चालू होता. भावोजी भिंतीवरच्या पेटीवर उजवा तळहात ठेवून, डोळे मिटून उभे होते, ओठ हलत होते. पिशवी पायाशी.

"भावोजी."

त्यांनी डावा हात वर करून थांबायची खूण केली. साठपर्यंत मोजून झाल्यावर हात काढला. तळवा फक्त गुलाबी झाला होता.

"तू होय," ते म्हणाले. "ही माझी एकोणीस वर्षांपूर्वीची. साठ आकडे हात टिकला म्हणजे बाहेरून पन्नाशीच्या आत. पण त्याच्यावर विसंबता येत नाही आता. वय झालं की हाताला कमीच कळतं." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "दोनशे सत्तावीस पेट्या आहेत. एकशे चाळीस झाल्या. अजून कुठे काही पेटलेलं नाही, हे लोकांचं नशीब."

मी सगळं सांगितलं. पंपाच्या आवाजावर आवाज काढून, श्वास न घेता. फिरवायची भीती, चौकोन, राखाडी पाठ. खिडकीसमोरचं कपाट. मोठे साहेब काय म्हणाले ते. "तुमचं बरोबर होतं, भावोजी. आत्ताही बरोबर आहे. सगळ्या वह्या बरोबर आहेत." मी लॅपटॉप पंपाच्या ओट्यावर ठेवून उघडला आणि पेटी फिरवून फिरवून दाखवली. त्र्याहत्तर पूर्णांक सहा.

त्यांनी चष्मा लावला, वाकून बराच वेळ पाहिलं. माझा जीव त्यांच्या चेहऱ्यात अडकला होता. वाटलं, आता रागावतील. मला हातापाया पडायचं होतं, शिव्या खायच्या होत्या.

"छान आणलंस," ते म्हणाले.

"मी आणलं नाही. तेच खरं आहे."

"अगं, तुला आता त्यातून हवा तो आकडा आणता येतो. हुशार आहेस तू, मी पहिल्यापासून सांगतो सगळ्यांना." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "ताईने पाठवलं ना?"

"नाही हो! ताईला यातलं काहीसुद्धा माहीत नाही."

"तिला वाटतं माझं डोकं फिरलंय. म्हणाली असेल, जा आणि काहीतरी सांग, म्हणजे घरी बसतील. तिचंही चूक नाही म्हणा."

"भावोजी, तुमची शपथ. मी त्या दिवशी काहीही तपासलं नव्हतं. मी खोटं बोलले."

ते हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले असतील. "तू? एकवीस वर्षं तुला टेबलाशेजारी बघतोय. सगळ्यांसमोर, साहेबांसमोर म्हणालीस, दोनदा पाहिलंय. तू असं काही उगाच बोलणारी नाहीस. आता मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस, ते मात्र येत नाही तुला."

मी त्यांचा हात धरला. माझ्याकडे पुरावा म्हणून जे होतं ते सगळं माझ्याच हाताने केलेलं होतं, आणि एकदा माझ्या शब्दावर ठेवलेला विश्वास काढून घ्यायला तो माणूस तयार नव्हता.

"ऐक," ते म्हणाले. "त्या दिवशी मला तुझा राग आला होता, नाही म्हणत नाही. घरी जाऊन जेवलो नव्हतो. पण मग बसून सगळं तपासलं तेव्हा कळलं. तू नसतीस तर मी मरेपर्यंत लोकांच्या भिंतींवर विस्तव टांगत राहिलो असतो. तुझे उपकार झाले माझ्यावर. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं, बरं झालं आलीस."

पंप बंद झाला, टाकी भरली असावी. त्यांनी पिशवी उचलली आणि यादीचा कागद माझ्या हातात दिला.

"पुढची कुठली आहे बघ," ते म्हणाले. "दोघं असलो की लवकर होतील."

मी पत्ता वाचून दाखवला.